जमा बाजू

मंडळी, निधीचा यंदाचा हिशेब वाचतो.
मध्येच थांबलो तर चष्म्याचा दोष समजा.

अळणी पाव, एकशे चौऱ्याहत्तर नग.
भाजणारी मेरेरिद, दर शनिवारी,
चॅपेलच्या मागच्या खोलीत.
इद्वालला डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं
तेव्हा ती म्हणाली, एकट्यानं का खावं त्यानं असलं?
चव, खरं सांगतो, ओल्या पुठ्ठ्याची.
तरी नऊच्या आत टोपल्या रिकाम्या.
खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं असतात,
आपलं पोर्थगॅरेग
न खाल्ल्या मिठाला जागलं.

ग्विलिमच्या पबातली बरणी:
छप्पन्न पौंड, एक परदेशी नाणं, दोन बटणं.

शाळेतल्या मुलांच्या गिरक्या,
एका गिरकीला दहा पेन्स.
मैदानभर पोरं गरगरत होती, धपाधप पडत होती,
आकाशाकडे बघून खिदळत होती.
इद्वाल कुंपणाची तार धरून खुर्चीत बसलेला.
तोही हसला. मग म्हणाला,
'थांबली का रे तुमची जमीन?
थांबली ना? मग छान.'
एकशे बारा पौंड चाळीस.

पुढची नोंद हिशेबात बसत नाही,
पण वहीत आहे, म्हणून वाचतो.
तीस वर्षं हा माणूस पाटीच्या दगडांची छपरं शाकारत
गावाच्या डोक्यावरून चालला, जसे आपण रस्त्यानं जातो.
पडला तो स्वयंपाकघरात, बुटाची नाडी बांधताना.
भिंत खाली आली, फरशी उभी राहिली,
आणि जमिनीवरून पडू नये म्हणून
तो दोन्ही हातांनी जमीन धरून राहिला,
डाव्या कानात पिठाची गिरणी चालू.
त्या वसंतात तो रस्त्यात झोकांड्या खात दिसला
तेव्हा मी पलीकडच्या फुटपाथवर गेलो.
मला वाटलं, प्यायलाय.
रोगाचं नाव कळायला दोन वर्षं लागली,
मला शरम वाटायला त्याहून थोडी जास्त.

खर्च: पीठ, टपाल, पावत्यांची पुस्तकं.
हॉलचं भाडं एलुनेदनं घेतलं नाही.
प्रयोगशाळेला पाठवले दोन हजार एकशे आठ.

तिथल्या बाईंचं पत्र आलं. गोड बोलणं नाही.
लिहितात, औषध सापडेल असं वचन देत नाही,
तुमच्या पैशांत एका मदतनीसाचा पगार निघेल,
अकरा आठवड्यांचा.
मी ते पत्र दोनदा वाचलं.
अकरा आठवडे कुणीतरी सकाळी उठून, डबा घेऊन,
बस पकडून
कानाच्या आतल्या त्या थेंबभर पाण्याचा विचार करायला जाणार.
मी उभ्या आयुष्यात कशाचाही
इतका वेळ विचार केलेला नाही.

फेब्रुवारीत इद्वाल गेला.
तोल जाऊन नव्हे, छातीच्या दुखण्यानं, झोपेत.
फॉर्मवर त्यानं आधीच सही केली होती:
डाव्या कानशिलाचं हाड,
ज्याच्या आत वाटाण्याएवढा शंख असतो,
ते काढून घ्यावं, चकत्या कराव्यात,
काचेवर ठेवून बघावं, काय बिघडलं होतं.
पेटीची पोच माझ्याकडे आली,
कारण खजिनदार मी.

रात्रभर वही उघडी.
हे जमेत धरायचं की खर्चात?
किंमत काय लिहायची, नग किती?
सकाळी मेरेरिदकडे गेलो. ती पीठ मळत होती,
शनिवार होता.
हात न थांबवता म्हणाली,
'उसनं दिलंय, असं लिही.'

तसं लिहिलंय. तपासनीसाची हरकत असेल
तर आत्ताच सांगावी.

हातातली शिल्लक, चार पौंड तीस.
आणि ती दोन बटणं, तपकिरी, कोटाची वाटतात.
ज्याची असतील त्यानं जाताना घेऊन जावीत.